उंदरांना काजूची ॲलर्जी ‘बनावट’ असते का?

सध्या एक दावा सगळीकडे फिरतोय: उंदरांना काजू-अक्रोडाची ॲलर्जी आपसूक होत नाही, प्रयोगशाळेत विष देऊन ती घडवतात, दिसणारी प्रतिक्रियाही खरी ॲलर्जी नसते, म्हणून या प्रयोगांतून माणसाच्या हाती काहीच लागत नाही. ॲलर्जी असलेल्या मुलांचे आईवडील तो वाचून धास्तावतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘आपसूक होत नाही, विष द्यावं लागतं’

पहिला भाग खरा आहे. नुसतं काजूचं प्रथिन तोंडावाटे दिलं तर बहुतेक उंदीर ते पचवतात आणि त्यांचं शरीर त्याला सरावतं. पण बहुसंख्य माणसांचंही तेच होतं. हा सराव कशामुळे मोडतो, हाच तर संशोधनाचा प्रश्न आहे. ‘विष’ म्हणजे कॉलरा टॉक्सिन, कॉलराच्या जिवाणूचं विष, जे हा सराव मोडायला मदत करतं: साधारण 10 मायक्रोग्रॅम, प्रथिनासोबत, आठवड्यातून एकदा नळीने जठरात. त्याशिवायही ॲलर्जी घडवता येते. बॅल्ब-सी वाणाच्या उंदरांच्या केस काढलेल्या कातडीवर हेझलनटचं किंवा काजूचं प्रथिन काही आठवडे लावलं, की रक्तात आयजीई, म्हणजे ॲलर्जीला कारण ठरणारी प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढे तेच प्रथिन खाऊ घातल्यावर प्रतिक्रिया येते. एक्झिमा हा कातडीचा विकार असलेल्या बाळांत अन्नाची ॲलर्जी जास्त का आढळते, हे समजायला याच प्रयोगांची मदत झाली.

‘ती खरी ॲलर्जी नसते’

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. उंदरात ॲनाफिलॅक्सिसच्या, म्हणजे अंगभर उठणाऱ्या तीव्र प्रतिक्रियेच्या, दोन वाटा असतात. एक माणसासारखी: आयजीई मास्ट पेशींना चेतवतं आणि त्या हिस्टामिन हे रसायन सोडतात. दुसरी आयजीजी या वेगळ्या प्रतिपिंडाची, प्लेटलेट ॲक्टिव्हेटिंग फॅक्टर या रसायनावर चालणारी. प्रथिन मोठ्या मात्रेत थेट पोटाच्या पोकळीत टोचलं की ती सहज पेटते. दोन्हींत शरीराचं तापमान घसरतं. त्यामुळे गुदद्वारात तापमापी घालून दर 10-15 मिनिटांनी घेतलेले आकडे एकटे काहीच ठरवत नाहीत.

वाट ओळखायची तर रक्तद्रव तपासावा लागतो. त्याचा एक भाग 56 अंश सेल्सियसला तापवतात. त्या उष्णतेत आयजीई निकामी होतं, आयजीजी टिकतं. तापवलेला नमुना एका निरोगी उंदराच्या कानाच्या कातडीत टोचतात, न तापवलेला दुसऱ्याच्या. दुसऱ्या दिवशी काजूचं प्रथिन इव्हान्स ब्लू रंगासह शिरेतून देतात. न तापवलेल्या नमुन्याच्या जागी निळा डाग उमटला आणि तापवलेल्याच्या जागी नाही, तर काम आयजीईचंच. सोबत मास्ट पेशींतून सुटणारं प्रोटीएज हे विकर रक्तात वाढलेलं असावं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे प्रथिनाच्या अर्कात राहिलेलं जिवाणूंचं एंडोटॉक्सिन. ते न मोजता केलेल्या प्रयोगात बिघाड नेमका कशाने झाला हे कळतच नाही. तुलनेसाठी प्रथिनाविना फक्त कॉलरा टॉक्सिन दिलेला गट नसेल, तरी निष्कर्ष लंगडा.

म्हणजे खोटी प्रतिक्रिया असू शकते. पण ती ओळखता येते, आणि चांगल्या प्रयोगात ओळखली जाते.

‘माणसाला उपयोग शून्य’

एका बाबतीत दावेदार बरोबर आहेत. नवं प्रथिन माणसात ॲलर्जी आणेल का, हे उंदीर खात्रीने सांगू शकत नाही. ब्राझील नटचं 2एस अल्ब्युमिन हे प्रथिन जनुकबदल करून सोयाबीनमध्ये घातलं गेलं, तेव्हा आधीच्या प्राण्यांवरच्या चाचणीत ते निर्धोक वाटलं होतं. 1996 मध्ये ब्राझील नटची ॲलर्जी असलेल्या 9 जणांचे रक्तद्रव तपासले, तर 8 नमुन्यांतली प्रतिपिंडं त्या सोयाबीनला चिकटली. ते वाण बाजारात आलं नाही. शिवाय उंदराला उलटी होत नाही, म्हणून पोटाची लक्षणं पाहायला ॲलर्जीप्रवण कुत्र्यांवरही काम झालं; अक्रोड खाऊन त्यांना उलट्या झाल्या.

पण प्रतिक्रिया कशी घडते आणि कशी थोपवता येईल, हे प्रश्न वेगळे आहेत. काजू-अक्रोडासारख्या अनेक कवचफळांची ॲलर्जी असलेल्या उंदरांत एकाच फळाच्या इम्युनोथेरपीने (तेच प्रथिन मोजक्या मात्रेत देऊन शरीराला सरावण्याच्या उपचाराने) प्रतिक्रिया सौम्य झाल्या, हे दिसलं म्हणून माणसांत काय तपासायचं ते ठरवता येतं. ओमालिझुमॅब हे आयजीई रोखणारं औषध उंदराच्याच प्रतिपिंडाला मानवी रूप देऊन बनवलं आहे. अमेरिकेत अन्नाच्या ॲलर्जीसाठी त्याला फेब्रुवारी 2024 मध्ये मान्यता मिळाली, तीही माणसांवरच्या चाचणीनंतरच. कारण साध्या उंदराच्या आयजीईला ते चिकटत नाही.