मनगट आणा इकडे

उदाचं अत्तर लावणारी माणसं भेटली की 'कसं काय चाललंय' वगैरे विचारत बसत नाहीत. 'आज काय लावलंय?' एवढंच विचारतात आणि उत्तर यायच्या आत समोरच्याचं मनगट धरून नाकाला लावतात. नाडी बघणारे वैद्य मनगट सोडताना निदान 'पोट साफ होतंय ना?' असं काही उपयोगाचं तरी बोलतात. आमच्यात मनगट सोडल्यावर वासाबद्दल एक अख्खं वाक्य बोलावं लागतं आणि खरा छळ तिथून सुरू होतो.

हुंगण्यात अवघड काही नाही. नाक असतं, श्वास चालू असतो, यायचा तो वास येतो. पण हुंगून झाल्यावर जी शांतता पडते, तिच्यात सगळ्यांचे डोळे तुमच्यावर असतात. 'छान आहे' म्हणालात की तुम्ही संपलात. 'छान' नवशिकी माणसं म्हणतात, तीही पहिल्या दिवशीच. जाणत्यानं कसं, डोळे अर्धवट मिटून म्हणावं, 'सुरुवातीला ओलं चामडं... मग जुन्या कपाटातला कापूर... आणि अगदी तळाशी, थांबा हं, मनुका.' यातलं 'थांबा हं' फार महत्त्वाचं. ते गाळलं तर मनुकेवर कुणीही विश्वास ठेवत नाही.

ज्यांना या भानगडीतलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हा ऊद म्हणजे अगरूच्या लाकडातून काढलेलं तेल. अक्विलेरिया प्रजातीतली ही झाडं आसामपासून कंबोडिया, व्हिएतनाम, बोर्निओपर्यंत वाढतात. धडधाकट झाडाचं लाकूड पांढुरकं, हलकं आणि वासाच्या नावानं शून्य. पण खोडाला जखम झाली, किडीनं ते पोखरलं, आत बुरशी शिरली की झाड स्वतःच्या बचावासाठी गडद राळ तयार करतं. ती राळ वर्षानुवर्षं लाकडात मुरते आणि असं मुरलेलं लाकूड म्हणजे अगरू. उत्तम प्रतीचं असेल तर पाण्यात टाकल्यावर तळाशी जातं. थोडक्यात, झाडाची तब्येत चांगली असेल तर आम्हाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. आजारी पडलं की आम्ही हुंगायला हजर. राळेच्या आशेनं माणसांनी चांगली झाडंही इतकी तोडली की १९९५ साली या प्रजातीतल्या एका जातीचा आणि २००५ पासून सगळ्याच जातींचा व्यापार 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आला. आता लागवडीतल्या झाडांच्या खोडाला भोकं पाडून कुणी बुरशी टोचतं, कुणी रसायन. आजार व्हावा म्हणून सुई टोचणारा दुसरा धंदा माझ्या तरी ऐकिवात नाही.

आमच्या मंडळींत पक्ष आहेत. आसामच्या उदाला जगभर 'हिंदी' म्हणतात आणि मी त्या पक्षाची. आमच्या पद्धतीत लाकडाचा भुगा भट्टीवर चढवण्याआधी पाण्यात दिवसच्या दिवस, कधी कधी आठवडेही भिजत ठेवतात. तो आंबतो आणि त्या आंबण्याचा जो वास तेलात उतरतो त्याला आमच्यात 'गोठा' म्हणतात. ही तक्रार नाही, पावती आहे. 'वा, काय गोठा आहे!' असं म्हणताना मी चांगल्या शिकलेल्या, पोक्त माणसांचा कंठ दाटून आलेला पाहिलाय. कंबोडी पक्षाला फळांसारखा गोड वास लागतो. आम्ही त्यांच्या तेलाला पाठीमागे 'सरबत' म्हणतो. ते आम्हाला काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही. बोर्निओवाल्यांचा वास हलका, हवेशीर, थोडा कापराकडे झुकणारा. ती माणसं वादात पडत नाहीत, खिडकीशी बसतात.

रोज हिंदी लावणाऱ्या बाईच्या घरच्यांचा मात्र कुठल्याच पक्षानं विचार केलेला नाही. सकाळी आंघोळ करून मी दोन्ही मनगटांवर एकेक रेघ ओढली की घरात शोधमोहीम सुरू होते. सासूबाई दोरीवरचा एकेक कपडा हुंगून बघतात. 'अगं, कुठलातरी टॉवेल दमटच राहिलाय बघ.' नवरा चपलांचं कपाट उघडून उभा राहतो. मुलाला खरं कारण ठाऊक असतं. तो दप्तर भरता भरता म्हणतो, 'आई, आज गोठा नको ना. पालकसभा आहे.' या सगळ्यांना मी सांगून दमले, की अरे, तासाभरात हा गोठा निवतो, मग चामडं वर येतं, दुपारी गोडसर लाकूड उरतं आणि संध्याकाळी जे राहतं ना, त्यासाठी सकाळ सोसावी. पण सोसायची त्यांना असते, आणि संध्याकाळी माझं मनगट हुंगायला त्यांच्यातलं कुणी थांबत नाही.

लिफ्टची गोष्ट तर विचारूच नका. एकदा माझ्यामागून चौघं चढली आणि दार मिटलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत कुणी काही बोललं नाही. तिसऱ्याला एका गृहस्थांनी उजवा बूट किंचित उचलून तळ बघितला. त्यांचं बघून शेजारच्या बाईंनी सँडल वाकडी करून बघितली. मग उरलेल्या दोघांनीही आपापलं पादत्राण तपासलं. सगळ्यांचे तळ स्वच्छ निघाले तेव्हा लिफ्टमध्ये एकदम संशयाचं वातावरण झालं. मग मीही चप्पल उलटी करून बघितली. चारचौघं बघत असताना आपण एकटीनंच न बघणं बरं दिसत नाही.

त्यात नाकाची एक वाईट खोड असते. एकच वास सतत येत राहिला की थोड्या वेळानं नाक त्याची दखल घेणंच सोडून देतं. लावणाऱ्याला वाटतं, उडाला वाटतं. तो आणखी एक रेघ ओढतो. प्रत्यक्षात उदाच्या तेलातले रेणू चांगले जडशीळ, सावकाश उडणारे. शर्ट एकदा धुतला तरी बाहीतून हलत नाहीत. नाक ताजंतवानं करायला कॉफीच्या बिया हुंगाव्यात असं अत्तरवाले सांगतात, पण तो प्रयोग कुणीतरी नीट करून बघितला तेव्हा कॉफीपेक्षा साधी हवाही काही कमी उपयोगी ठरली नाही. आमच्यातले जाणकार त्याऐवजी स्वतःच्या कोपराची आतली बाजू हुंगतात. तो आपला रोजचा वास, तिथे नाकाला विसावा मिळतो म्हणे. यात तथ्य असेलही. पण बैठक रंगात आलेली असताना खोलीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी कोपरात नाक खुपसलेलं बाहेरून कुणी बघितलं, तर पोलिसांना बोलवावं की आपणही आत जाऊन बसावं, असा प्रश्न त्याला पडेल.

बैठकीतले सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे काका. ते कुणाचे काका आहेत ते कुणालाच माहीत नाही. जुना, दाट ऊद गारठ्यात इतका घट्ट होतो की बाटली आडवी केली तरी जागचा हलत नाही. काका ती इवलीशी बाटली मुठीत धरून ऊब देत बसतात आणि तोवर भट्टीवर बोलतात. तांब्याच्या भट्टीचं तेल आणि स्टीलच्या भट्टीचं तेल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हा त्यांचा विषय. काचेच्या भट्टीचा उल्लेख त्यांच्यासमोर करू नये. बोलता बोलता ते मूठ उघडतात, बाटली उजेडात धरतात. आत मधाच्या रंगाचा एक ओघळ काचेवरून सावकाश सरकायला लागलेला असतो. मग झाकणाला लावलेली काचेची काडी बाहेर येते. तिच्या टोकाचा थेंब काका बाटलीच्या तोंडाशी निपटून परत आत सोडतात, उरलेल्यातलं अर्धं पुन्हा निपटतात आणि जे काडीवर केवळ श्रद्धेनं दिसतं त्याची बोटाच्या पेराएवढी रेघ पाहुण्याच्या मनगटावर ओढतात. पाहुणा सवयीनं दोन्ही मनगटं एकमेकांवर चोळायला जातो. 'चोळू नका!' असे काका इतक्या जोरात ओरडतात की एक जण पुन्हा आलाच नाही.

वासावरून वाद व्हायचेच. आपल्या नाकात गंध ओळखणारे साधारण चारशे प्रकारचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात आणि प्रत्येक माणसाचा संच थोडा वेगळा. या ग्राहकांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी शोधून काढली, १९९१ साली जाहीर केली आणि २००४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. त्यामुळे काकांना जिथं मनुका येते तिथं मला गोठा येत असेल, तर दोघंही खरं बोलत असू शकतो. या शोधाचा विज्ञानाला काय तो फायदा झालाच असेल, पण आमच्या मंडळींना झाला तेवढा कुणालाच नाही. तेव्हापासून आमच्यात कुणी हरतच नाही.

हे सहन न झालेला एकच माणूस म्हणजे आमच्यातला इंजिनिअर. त्यानं जपानची माहिती काढली. तिथं अगरूचं लाकूड हलकंच तापवून त्याचा वास घेण्याची शिस्तशीर कला आहे, 'कोदो'. त्या देशात या लाकडाचा मान केवढा, तर नारा शहरातल्या शोसोइन भांडारात 'रांजाताई' नावाचा दीडेक मीटर लांबीचा एक ओंडका शतकानुशतकं जपून ठेवलाय. १५७४ साली ओदा नोबुनागा या सेनानीनं त्यातला तुकडा कापून घेतला, १८७७ मध्ये मेइजी सम्राटानं. कुणी कुठून कापलं, त्या जागी चिठ्ठ्या लावलेल्या आहेत. हे ऐकून काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'चिठ्ठी लावायची माझीही तयारी आहे.'

इंजिनिअरला सांगायचं होतं ते वेगळंच. 'गेंजी-को' नावाचा तिथला एक खेळ. पाच वेळा वास फिरवतात. त्यातले कोणते एकमेकांसारखे, एवढंच ओळखायचं. कागदावर पाच उभ्या रेघा काढायच्या आणि सारखे वाटतील त्यांची डोकी आडव्या रेघेनं जोडायची. अशा एकूण ५२ आकृत्या होऊ शकतात. चामडं नाही, कापूर नाही, मनुका नाही. एक विशेषण वापरायचं नाही! मला तर तिथंच जाऊन राहावंसं वाटलं.

पुढच्या बैठकीला इंजिनिअर कागदाच्या पाच पट्ट्या घेऊन आला, तेल लावलेल्या, आकडे घातलेल्या. लाकूड तापवण्याची सोय नव्हती, पण खेळ तोच. पेन्सिली वाटल्या. इतकी शांतता आमच्या खोलीनं कधी ऐकली नव्हती. फक्त श्वास, आणि मधून मधून कोपर. काकांचा कागद सगळ्यांच्या आधी झाला. दुसरी आणि पाचवी त्यांनी जोडली होती आणि कुणी विचारलेलं नसताना शेजारी बारीक अक्षरांत देशही लिहिले होते. पहिलीपुढे 'कंबोडी, पण भट्टी स्टीलची'. कंबोडी पक्षाच्या ताईंनी तिसरी वेगळी काढून तिच्याखाली दोनदा अधोरेखित केलं. बोर्निओवाल्यांनी खिडकी उघडली. माझ्या कागदाचा इथे संबंध येत नाही.

इंजिनिअरनं सगळे कागद गोळा केले, शांतपणे चष्मा पुसला आणि सांगितलं, पाचही पट्ट्यांवर एकच तेल होतं. एकाच बाटलीतलं. ५२ आकृत्यांत तीही एक असते, पाचही रेघा जोडलेली. ती कुणाच्याच कागदावर नव्हती.

ताईंनी ओढणी सारखी केली. कुणीतरी पाणी मागितलं. सगळे काकांकडे बघायला लागले, कारण कुणाकडे तरी बघायला हवं होतं.

'पाचही पट्ट्यांना तेल एकाच क्षणी लावलंस का रे?' काकांनी विचारलं.

'एकाच क्षणी कसं लावणार? एकामागून एक लावलं.'

'मधे किती वेळ गेला?'

'असेल एकेक मिनिट.'

'म्हणजे पहिलीचा गोठा उडायला लागला तेव्हा पाचवी कोरडी होती. पाच तेलं झाली ती.' काकांनी आपला कागद घडी करून खिशात ठेवला. 'उत्तर बरोबरच आहे सगळ्यांचं.'

खोलीत टाळ्याच पडल्या. इंजिनिअर काहीतरी बोलणार होता. त्यानं पट्ट्या उचलल्या, एकेक नाकाशी नेली, पुन्हा ओळीनं मांडल्या आणि एकीवर जरा जास्तच रेंगाळला.

'तसं बघायला गेलं तर काका,' तो हळूच म्हणाला, 'ही तिसरी लावतानाच मला जरा वेगळी आली होती.'

'तांब्याची आहे ती,' काका म्हणाले.