मावशी, उत्तर ध्रुवाकडे हत्ती कुठून आले?

अलास्कात राहणाऱ्या लेकीला मावशीने परवा फोनवर झापलं: "ते कानातलं आधी काढ!" कारण व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज. 'एस्किमोंच्या दागिन्यांसाठी हत्तींची कत्तल होते. ही कला प्राचीन नाही, 1949 मध्ये एका गोऱ्याने शिकवली. हे ताईत-दागिने म्हणजे रानटीपणा.' खाली सोंड कापलेल्या हत्तीचा फोटो.

आर्क्टिकमध्ये हत्ती नाहीत हो! घोळ आपल्या शब्दाचा आहे. 'आयव्हरी'चं मराठी 'हस्तिदंत' केलं की हत्ती आपोआप आत शिरतो. बहिणीच्या कानात आहे तो वॉलरस या थंड समुद्रातल्या सस्तन प्राण्याचा सुळा. वॉलरस मारतात ते मुळात खायला. मांस माणसांना नि कुत्र्यांना, कातडं नावेला, आणि सुळ्यांतून हार्पूनची (शिकारीच्या भाल्याची) टोकं, फण्या, सुया ठेवायच्या नळ्या, बर्फावरच्या उन्हाने डोळे जळू नयेत म्हणून बारीक चीर पाडलेले चष्मे. अमेरिकेच्या 1972 च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यानेच अलास्कातल्या मूळ रहिवाशांना या शिकारीची आणि त्यातून हस्तकला करून विकायची मुभा दिली आहे. हत्तीच्या दातांवर बंदी हवीच, त्यात वाद नाही. पण सगळं एका मापाने मोजलं की काय होतं बघा: कॅलिफोर्नियाच्या 2016 पासून लागू झालेल्या बंदीत वॉलरसचे सुळेही आले. फटका कुणाला? अलास्कातल्या बेरिंग समुद्राकाठच्या कारागिराला, ज्याने हत्ती फार तर टीव्हीवर पाहिला असेल.

1949 बद्दल मेसेजला अर्धे गुण देते, नाइलाजाने. जेम्स ह्यूस्टन हा चित्रकार 1948 मध्ये कॅनडाच्या उत्तरेला हडसन उपसागराकाठी इनुकजुआक या वस्तीत गेला. तिथून आणलेल्या मूर्ती 1949 मध्ये माँट्रियलला विकल्या गेल्या आणि दगडी मूर्तींचा आजचा बाजार तिथून फोफावला. पण त्याने काढून दिलेल्या चित्राच्या बदल्यात एका इनुइटानेच (मेसेज ज्यांना 'एस्किमो' म्हणतो त्यांच्यातल्याच एकाने) त्याला छोटी मूर्ती दिली होती. मग शिकवलं कुणी कुणाला? इनुइटांचे पूर्वज थुले लोक सुळ्यांतून बोटाएवढे पोहणारे पक्षी कोरत होते, तेही कित्येक शतकं आधी.

राहिला ताईतांचा रानटीपणा. क्नुड रासमुसेन या संशोधकाने 'पाचवी थुले' नावाच्या आर्क्टिक मोहिमेत (1921 ते 1924) नेटसिलिक या इनुइट गटातल्या एका मुलाच्या कपड्यांवर 80 ताईत शिवलेले पाहिले. पोराला धड खेळताही येत नव्हतं म्हणे.

मावशीच्या स्वतःच्या बारशाच्या फोटोत गळ्यात सोन्यात मढवलेलं वाघनख आहे. त्यावरचा मेसेज तिला अजून कुणी पाठवलेला नाही.