पाणी ओढणारा थर, पाणी झटकणारा थर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पाणी शुद्ध करणाऱ्या पडद्यात जलस्नेही (पाणी ओढणारे) आणि जलविरोधी (पाणी झटकणारे) पदार्थ एकत्र आणावेत, असं मी गेल्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. पाणीच पार करायचं तर पाणी झटकणारा पदार्थ मध्ये हवा कशाला, निव्वळ जलस्नेही पॉलिमरच का नको? दोन विरुद्ध स्वभावांचे थर आज ना उद्या सुटणारच. तुमच्या प्लांटमध्ये उलट्या प्रवाहाने धुताना लेप निघून आला, हा तुमचा अनुभव. आणि पाण्यात साबण आला की सगळा डाव उधळतो. शेवटच्या दोन्हींत तथ्य आहे. पहिला मात्र मला अजिबात मान्य नाही.

त्या गैरसमजाला माझं एक वाक्य कारणीभूत आहे. ‘जलविरोधी थरातून पाणी पार होतं’ असं मी लिहून गेलो. पार होते ती वाफ. मेम्ब्रेन डिस्टिलेशनमध्ये, म्हणजे पडद्यातून फक्त वाफ नेऊन पाणी शुद्ध करण्याच्या पद्धतीत, एका अंगाला गरम खारं पाणी असतं, दुसऱ्या अंगाला गार गोडं पाणी आणि मध्ये टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा सच्छिद्र पडदा. छिद्रांत फक्त हवा. पाणी द्रवरूपात आत शिरू शकत नाही, म्हणूनच मीठ मागे राहतं; झटकणं हेच तिथे गाळणं आहे. आता वाफेला वाट जितकी आखूड तितकं बरं, पण फार पातळ पडदा एकटा तग धरत नाही. मग त्याच्यामागे जाड जलस्नेही थर द्यायचा. तो गार पाण्याने भरलेला राहतो, आणि पातळ थर ओलांडला की वाफेचं तिथेच पाणी होतं. दोघांपैकी एकही काढून टाकता येत नाही.

द्रवरूप पाण्याचं म्हणाल तर आपल्याच पेशींकडे बघा. पेशीच्या आवरणातून पाणी नेणारी अ‍ॅक्वापोरिन ही प्रथिनं ज्यांनी शोधली, त्या पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या प्रथिनातली वाट इतकी अरुंद की पाण्याचे रेणू एकामागे एक, रांगेनेच जातात. आणि त्या वाटेच्या भिंतींचा बराचसा भाग जलविरोधी आहे! मोजक्या जागी तेवढे पाण्याला धरणारे गट आहेत. भिंत जागोजागी धरून ठेवत नाही, म्हणून रेणू सुळकन पुढे सरकतात. एका वाटेतून सेकंदाला अब्जावधी. सगळी भिंत जलस्नेही असती तर प्रत्येक रेणू पावलोपावली चिकटत गेला असता.

आता साबण. इथे तुमचं बरोबर आहे आणि मी ते लेखात लिहायला हवं होतं. ०.२ मायक्रॉन व्यासाचं छिद्र सरळ नळीसारखं धरलं आणि स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) १२० अंश घेतला, तर शुद्ध पाणी आत घुसवायला साधारण ७ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे सातपट, दाब लागतो. पण हा आकडा पृष्ठताणावर, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ज्या ओढीने आवळलेला असतो तिच्यावर, उभा आहे, आणि साबण नेमका तोच पाडतो. टेफ्लॉनच्या पांढऱ्याशुभ्र चकतीवर पाण्याचा थेंब ठेवून बघा. अळवावरचं पाणी जसं गोल राहतं, तसाच तो राहतो. चकती तिरकी केली की घरंगळतो, खाली डाग नाही. त्याच चकतीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब टाका. पांढरा रंग क्षणात विझतो, चकती तेलकट कागदासारखी अर्धपारदर्शक होते. छिद्रांतली हवा गेली. ती वाळू न देता वर पाणी ओतून थोडा दाब दिला की पाणी सरळ आरपार जातं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी बराच वेळ ती चकती उजेडासमोर धरून बसलो होतो. गरम पाण्याच्या बाजूला जलस्नेही लेप दिला तर तेलाचे थेंब पडद्याला चिकटत नाहीत, कारण लेप पाण्याचा थर धरून ठेवतो. विरघळलेला साबण मात्र त्याला बधत नाही.

थर सुटण्याबद्दल. वरून नुसता फासलेला लेप सुटतो, हे खरं. पॉलिसल्फोन या पडद्याच्या जलविरोधी प्लास्टिकमध्ये पीव्हीपी हा पाण्यात विरघळणारा पॉलिमर मिसळतात, तेही पाण्यात हळूहळू धुपून जातं. पण एकाच रेणूसाखळीचा अर्धा भाग जलविरोधी आणि अर्धा जलस्नेही ठेवला, तर पडदा पाण्यात बुडवून घडवताना जलस्नेही अर्धा आपोआप पृष्ठभागाकडे सरकतो आणि दुसरा पॉलिसल्फोनमध्ये रुतून राहतो. लेप आणि मुळं एकाच साखळीची, त्यामुळे सोलून निघायला वेगळा थर उरतच नाही. निव्वळ जलस्नेही पॉलिमर घ्यावा, हा तुमचा पर्याय इथे अडतो: तो पाण्यात फुगतो, दाबाखाली मऊ पडतो.

आणि दोन विरुद्ध स्वभाव एकत्र आणणं प्रयोगशाळेपुरतं आहे, असंही नाही. आरओच्या पडद्यावरचा पॉलिअमाइडचा थर पाणी आणि पाण्यात न मिसळणारा द्रावक यांच्या सीमेवरच तयार होतो. एक रसायन पाण्यात, दुसरं द्रावकात, आणि दोघं भेटतात ती रेषा म्हणजेच पडदा.

लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त केलं आहे. तुम्हाला मात्र एक विचारायचं आहे. तुमचा लेप आधी फोड येऊन पापुद्र्यासारखा सुटला, की धुण्यागणिक झिजत गेला? फोड आले असतील तर बांधणी कच्ची होती. झिजला असेल तर लेपच पाण्यात उतरत होता. धुताना वापरलेलं रसायन आणि त्याचा पीएच आठवत असेल तर तेही कळवा.