ढाली मोजायच्या की पोर बघायचं?

तुमच्या लेखात लहान मुलांसाठीच्या केंब्रिजच्या स्टार्टर्स, मूव्हर्स, फ्लायर्स या इंग्लिशच्या परीक्षांचं कौतुक आहे, ते पटलं. पण मुद्दा राहिला: या परीक्षांत पास-नापास नसतंच. ऐकणं, वाचन-लेखन आणि बोलणं, प्रत्येकाला गुणांऐवजी जास्तीत जास्त 5 ढाली (शील्ड), एकूण 15. पोराला हुरूप यावा म्हणून केलंय ते. आमच्या खानापुरात मात्र 'आमच्या सोन्याला 13, तुमच्याला किती?' सुरू असतं.

माझी नात सात वर्षांची. घरी मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्लिश. क्लासच्या बाईंनी सरावात अननसाचं चित्र दाखवलं, तर ही ठणकावून म्हणाली, "फणस!" बाई हसल्या. अहो, परसात फणस लोंबतोय, काटेरी दिसलं की पोर तेच म्हणणार. (कन्नडातही अनानसच म्हणतात, तेवढं तरी आठवायचं कार्टीनं!)

परीक्षेच्या आदल्या रात्री तिला ताप भरला. फी भरलीय म्हणून सून सकाळी तशीच बेळगावला निघालेली. बस स्टँडवरनं दोघींना परत आणलं मी. सून दोन दिवस बोलली नाही, नात मात्र दुपारी पेज पिऊन अंगणात खेळत होती.