ब्रेस्टस्ट्रोकवर बंदी नाही: एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेले काही आठवडे नाशिकमधील पोहणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्यात पाच विधाने ठासून केलेली आहेत. खुल्या पाण्याच्या, म्हणजे समुद्र-नदीतल्या शर्यतीत ब्रेस्टस्ट्रोक (दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी बेडकासारखे हलवून पोहणे) केल्यास पंच बाद करतात. या स्ट्रोकने लांब अंतर पार होत नाही. दम लागला तरी क्रॉल (हात आळीपाळीने पुढे टाकत पालथे पोहणे) सोडू नये, कारण डोके वर काढताच पाय खाली जातात आणि माणूस बुडतो. ब्रेस्टस्ट्रोकने गुडघे कायमचे निकामी होतात. आणि ठरलेल्या वेळेत शर्यत पूर्ण होणे अशक्य असते. हा मजकूर माझ्या मावशीपर्यंत पोहोचला. पन्नाशीनंतर ती त्र्यंबक रस्त्यावरच्या सावरकर जलतरण तलावात पोहायला शिकली, ब्रेस्टस्ट्रोक उत्तम करते आणि मालवणच्या चिवला बीचवरील सागरी स्पर्धेत कमी अंतराच्या गटात उतरण्याची तयारी करत होती. संदेश वाचून तिने माघार घ्यायचे ठरवले, म्हणून हे उत्तर लिहिणे भाग पडले.

पहिले विधान सरळ खोटे आहे. जागतिक जलतरण संघटनेच्या, म्हणजे वर्ल्ड ॲक्वाटिक्सच्या नियमांनुसार खुल्या पाण्यातील सर्व शर्यती फ्रीस्टाईलच्या असतात, आणि त्याच नियमांत फ्रीस्टाईल म्हणजे स्पर्धकाने कोणत्याही पद्धतीने पोहावे असे म्हटले आहे. बहुतेक जण क्रॉल करतात तो वेगासाठी, नियम सांगतो म्हणून नव्हे. या शर्यतीत बाद होण्याची कारणे निराळी आहेत: बोटीचा किंवा तरंगत्या वस्तूचा आधार घेणे, उथळ पाण्यात तळावरून चालणे किंवा उड्या मारणे, मुद्दाम दुसऱ्याला अडवणे. नुसते तळावर उभे राहिले तरी स्पर्धक बाद होत नाही. हा गोंधळ बहुधा तलावातल्या ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीवरून झाला असावा. तेथे पायांची हालचाल सारखी नसली किंवा भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले नाहीत, तर खरोखरच बाद करतात. पण तो नियम तलावातल्या त्या प्रकारापुरता आहे, आणि माहिती पुढे पाठवणाऱ्याने एवढे तरी तपासायला हवे होते.

लांब अंतराबद्दल एकच दाखला पुरेसा आहे. कोणत्याही कृत्रिम साधनाशिवाय इंग्लिश खाडी पोहून जाणारा पहिला माणूस, कॅप्टन मॅथ्यू वेब, ऑगस्ट १८७५ मध्ये डोव्हरहून निघून २१ तास ४५ मिनिटांनी फ्रान्सच्या किनाऱ्याला लागला, आणि तो ब्रेस्टस्ट्रोकनेच पोहला होता. वेगाचा मुद्दा मात्र मान्य करावा लागतो. १९२६ मध्ये गर्ट्रूड एडर्ले हिने हीच खाडी क्रॉल करत सुमारे साडेचौदा तासांत ओलांडली. चारही स्ट्रोकमध्ये ब्रेस्टस्ट्रोक सर्वांत संथ आहे, आणि ज्याला पहिल्या तिघांत यायचे आहे त्याने क्रॉल शिकलाच पाहिजे. पण संदेशात हळू होते असे म्हटलेले नाही, होतच नाही असे म्हटले आहे.

तिसरे विधान वाचून मला संताप आला, कारण ते मानून कोणी पाण्यात उतरले तर जीव जाऊ शकतो. क्रॉलमध्ये डोके उंच उचलले की कंबर आणि पाय खाली जातात, हे खरे आहे. म्हणूनच क्रॉल करणारे दिशा पाहताना जेमतेम डोळे पाण्याबाहेर काढतात. ब्रेस्टस्ट्रोकची रचनाच वेगळी आहे. प्रत्येक आवर्तनात हातांच्या ओढीबरोबर डोके वर येते, श्वास मिळतो, समोरचा बोया, म्हणजे मार्ग दाखवणारी तरंगती खूण, दिसतो आणि पायांचा फटका शरीराला पुन्हा आडवे करतो. थंड पाण्यात अचानक उतरल्यावर श्वास आपोआप जलद आणि उथळ होतो. पहिल्या काही मिनिटांत तो हळूहळू ताळ्यावर येतो, पण तेवढा वेळ चेहरा पाण्यात खुपसून ठरावीक लयीत श्वास घेणे नवख्याला जमत नाही. तो घाबरतो, पाण्याखाली पुरता श्वास सोडत नाही आणि त्यामुळे धाप आणखी वाढते. अशा वेळी थांबावे, उताणे तरंगावे, श्वास सावरला की डोके वर ठेवून संथ ब्रेस्टस्ट्रोक करावा, आणि तरीही जमत नसेल तर हात उंचावून सुरक्षा बोटीला बोलवावे. मग शर्यत गेली तरी चालेल. नेमक्या याच क्षणी 'क्रॉल सोडू नका' असे सांगणे म्हणजे माणसाच्या हातातली सुटकेची वाट काढून घेणे आहे. शिवाय तलावात पोहणाऱ्या नाशिककरांना समुद्रात एक अनुकूल गोष्ट मिळते: समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा दर लिटरमागे सुमारे २५ ग्रॅमने जड असल्यामुळे शरीर तेथे अधिक सहज तरंगते. रामकुंड आणि गांधी तलावाच्या पाण्यात पोहायला शिकलेल्या जुन्या मंडळींपैकी अनेकांनी आयुष्यभर डोके वर ठेवूनच पोहणे केले, आणि त्यांना हा संदेश ऐकवला तर ते काय म्हणतील हे सांगायला नको.

गुडघ्यांच्या बाबतीत अर्धे सत्य आहे. या स्ट्रोकच्या फटक्याने गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर ताण येतो, आणि ज्यांचा गुडघा आधीच दुखतो त्यांनी डॉक्टरांना विचारून अंतर ठरवावे. 'कायमचे निकामी' हे मात्र भय घालण्यासाठी जोडलेले शब्द आहेत. संदेशात न आलेली, पण खरी अडचण अशी की ब्रेस्टस्ट्रोकचे पाय बाजूला पसरतात आणि सुरुवातीच्या गर्दीत शेजाऱ्याला लागतात. म्हणून अशा स्पर्धकाने मागच्या रांगेत किंवा कडेला उभे राहावे.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो साध्या भागाकाराने सुटतो. गोव्यात होते त्या अर्ध-आयर्नमॅन स्पर्धेत (पोहणे, सायकल आणि धावणे अशी सलग शर्यत) १.९ किलोमीटर पोहण्यासाठी ७० मिनिटे मिळतात, म्हणजे दर १०० मीटरला ३ मिनिटे ४१ सेकंद. पूर्ण आयर्नमॅनमध्ये ३.८ किलोमीटरला २ तास २० मिनिटे असतात, म्हणजे वेग तोच. १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक ३ मिनिटांत करणारा आणि तो वेग टिकवणारा माणूस १.९ किलोमीटर ५७ मिनिटांत संपवतो. लाटा आणि वाट चुकणे यांसाठी त्याच्याकडे १३ मिनिटे उरतात. ज्याला १०० मीटरला ४ मिनिटे लागतात त्याने ही स्पर्धा तूर्त घेऊ नये, कमी अंतराची निवडावी. प्रत्येक स्पर्धेची वेळमर्यादा तिच्या माहितीपत्रकात दिलेली असते. ती पाहावी, तलावात घड्याळ लावून सलग पोहावे आणि मगच नाव द्यायचे की नाही हे ठरवावे.