‘पाण्याशिवाय तारण नाही’ म्हणणाऱ्यांना

ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सॲप गटांत एक संदेश सारखा फिरतो आहे. विश्वास कितीही खरा असला, तरी पाण्याचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होतानाचा पाण्याचा विधी) घेण्याआधी माणूस मेला तर त्याचे तारण, म्हणजे पापातून सुटका, नाही, असे त्यात म्हटले आहे. आधाराला चार वचने आहेत, आणि शेवटी ठोकून दिले आहे की मंडळी पहिल्या शतकापासून हेच शिकवत आली. बाप्तिस्मा ही प्रभूची आज्ञा आहे (मत्तय २८:१९). ती टाळणाऱ्याची वकिली मला करायची नाही. पण म्हणून ती तारणाची अट ठरते का?

पहिले वचन मार्क १६:१६. संदेशात ते अर्धेच दिले आहे: विश्वास धरून बाप्तिस्मा घेणाऱ्याचे तारण होईल. उरलेल्या अर्ध्यात दोषी कोण ठरतो? विश्वास न धरणारा. बाप्तिस्मा न घेतलेल्याचा तिथे उल्लेख नाही. शिवाय मार्कची शेवटची बारा वचने बायबलच्या चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही जुन्या हस्तलिखित प्रतींत नाहीत. इतक्या वादातल्या जागेवरून कुणाला नरकात धाडायचे, हे जरा अतीच झाले.

दुसरे, योहान ३:५: ‘पाण्यापासून व आत्म्यापासून’ जन्म. हे बोलणे रात्री भेटायला आलेल्या निकदेम या यहुदी गुरूशी झाले, आणि ‘इस्राएलाचा गुरू असून तुला हे कळत नाही?’ असे येशूने त्याला विचारले. म्हणजे निकदेमाला आपल्या शास्त्रातून कळावे असेच हे काहीतरी होते. यहेज्केल ३६ उघडा: शुद्ध पाणी शिंपडून मी तुम्हांला शुद्ध करीन, नवा आत्मा घालीन, असे देव म्हणतो. तिथे धुणाराही देवच आहे.

खरे वजन तिसऱ्या वचनात आहे, प्रेषितांची कृत्ये २:३८. पश्चात्ताप करा, पापक्षमेसाठी बाप्तिस्मा घ्या, मग पवित्र आत्म्याचे दान मिळेल, असे येशूचा शिष्य पेत्र सांगतो. हे वचन झटकून टाकता येत नाही. पण हाच पेत्र पुढे कैसरीयात कर्नेल्य या यहुदी नसलेल्या रोमी अधिकाऱ्याच्या घरी जातो (अध्याय १०). त्याचे बोलणे संपायच्या आतच ऐकणाऱ्यांवर पवित्र आत्मा उतरतो. पाणी नंतर आणले जाते. यावर ठरलेले उत्तर येते की तो अपवाद होता. पेत्राला मात्र तसे वाटत नव्हते. यरुशलेमच्या सभेत (अध्याय १५) सुंता झाल्याशिवाय तारण नाही, असा दावा पुढे आला, तेव्हा त्याने हीच घटना पुराव्यादाखल मांडली: देवाने त्यांची अंतःकरणे विश्वासाने शुद्ध केली, आपल्यात आणि त्यांच्यात भेद ठेवला नाही, दोघांचेही तारण प्रभूच्या कृपेनेच. शरीरावरचा विधी तारणाला लागतो का, हाच त्या सभेपुढचा प्रश्न होता. सुंता नको पण तिच्या जागी बाप्तिस्मा हवाच, असे उत्तर तिथे कुणीही दिले नाही. आणि प्रेषित पौल? क्रिस्प, गायस आणि स्तेफनाच्या घरचे सोडून आपण करिंथात कुणाचा बाप्तिस्मा केल्याचे आठवत नाही, ख्रिस्ताने मला बाप्तिस्मा करायला नव्हे तर सुवार्ता सांगायला पाठवले, असे तो लिहितो (१ करिंथ १). बाप्तिस्म्यावाचून तारणच अडत असते, तर त्याने असे लिहिलेच नसते.

चौथे वचन, १ पेत्र ३:२१, याबद्दल फार बोलायला नको. बाप्तिस्मा तारतो म्हटल्यावर त्याच वाक्यात पेत्र खुलासा करतो की हे शरीराचा मळ धुणे नव्हे.

येशूबरोबर वधस्तंभावर खिळलेल्या, बाप्तिस्म्याविना सुखलोकाचे वचन मिळालेल्या चोराचा दाखला मी मुद्दाम पुढे केलेला नाही. तो पुनरुत्थानाच्या आधीचा, असे समोरचा म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे.

आता पहिल्या शतकापासूनच्या शिकवणीचा दावा. बाप्तिस्मा आवश्यक मानणाऱ्या प्राचीन मंडळीनेही दार इतके घट्ट लावले नव्हते. बाप्तिस्म्याआधीच हुतात्मा झालेल्याचे रक्त हाच त्याचा बाप्तिस्मा, असे ती मानत असे. सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन ३९२ साली बाप्तिस्म्याविना मेला, तेव्हा मिलानचे बिशप अँब्रोज यांनी अंत्यभाषणात सांगितले की त्याने मागितलेली कृपा त्याला मिळाली. आजची कॅथलिक शिकवणही सांगते की देवाने तारण बाप्तिस्म्याशी जोडले असले, तरी तो स्वतः आपल्या संस्कारांना बांधलेला नाही.

आपल्याकडचेच पाहा. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पण तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनीच पुढे लिहिले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ मांडताना त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तशिष्य धरले. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) ही ख्रिस्ती मंडळी तर पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाही. १८८२ साली ती मुंबईत उतरली. नगर भागात पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात वाढलेली कुटुंबे आहेत. संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी कितीजण त्यांच्या घरी जाऊन, तुमचे आजी-आजोबा नरकात गेले, असे तोंडावर सांगतील?