छोटंसंच काम आहे

अनुवादाचं कुठलं काम घ्यावं, कुठलं सोडावं, असं नवी मंडळी मला विचारतात. कोल्हापूरच्या राजारामपुरीत घरबसल्या इतकी वर्षं हेच करतोय, तेव्हा सल्ला द्यायला माझ्याइतका लायक माणूस सापडायचा नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, आलेली फाईल उघडू नका. फाईल उघडली की विषय कळतो, विषय कळला की तो आपल्याला येत नाही हेही कळतं, आणि मग उगाच नकार द्यावा लागतो. आधी 'हो' पाठवायचं. तीच मेल आणखी चाळीस जणांना गेलेली असते, तिथं विचार करत बसलेला माणूस उपाशी राहतो.

दराचा विषय तर काढूच नका, वाईट दिसतं. 'शब्दाला किती पैसे' यातला 'पैसे' शब्दशः घ्यायचा, रुपयाची आशा धरायची नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला, त्या जोरावर मी एका एजन्सीकडे दर वाढवून मागितला. तिकडच्या मुलीनं मनापासून अभिनंदन केलं आणि जुन्याच दराची पीओ, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर, पाठवली. शिवाय फाईलमध्ये तेच वाक्य पुन्हा आलं की त्याचे पैसे नाहीत. यात रागवण्यासारखं काय आहे? मिसळीवर कट पुन्हा मागितला तर आपण कधी पैसे दिलेत?

'भाषांतर मशीननं केलंय, तुम्ही फक्त नजर टाकायची' असं काम आलं तर ते सोडू नका. दर निम्मा असतो, पण करमणूक पुरेपूर. मला एकदा फाउंड्रीचं मॅन्युअल आलं. 'मोल्ड' म्हणजे ओतकामाचा साचा, मशीननं त्याची 'बुरशी' केली होती, म्हणून 'वितळलेले लोखंड बुरशीत सावकाश ओता'. 'टॅप द फर्नेस' म्हणजे भट्टीचं तोंड फोडून रस बाहेर काढायचा. तिथं लिहिलं होतं, 'भट्टीवर हळूच टिचकी मारा.' शेजारचे मामा शिरोली एमआयडीसीत मोल्डिंगला होते, त्यांना वाचून दाखवलं. "टिचकी मारायला माणूस एकदाच मिळंल भावा," म्हणाले. दोनशे पानं मी मुळापासून पुन्हा लिहिली आणि नजर टाकल्याचं बिल लावलं.

पैसे साठ दिवसांनी येतात. छोट्या धंद्याची सरकारी 'उद्यम' नोंदणी असेल तर २००६ च्या कायद्यानं ते ४५ दिवसांत यायला हवेत, पण कायद्याची आठवण करून देणाऱ्याला पुढचं काम येत नाही, आणि पुढचं काम कशासाठी हवं असतं ते आपण विचारत नाही. लाईट बिल मात्र साठ दिवस थांबत नाही. खरं म्हणजे महिन्याच्या वीस तारखेनंतर काम निवडायचा अधिकार त्या बिलाकडेच जातो.

आता सावध कुणापासून राहायचं तेही सांगतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय. सहा जिल्ह्यांचे सातबारे, फेरफार, खरेदीखतं मराठीत आणि कोर्टाचं कामकाज इंग्रजीत, म्हणजे अनुवादक लागणारच. परवा एका वकिलांचा क्लार्क चाळीस पानं घेऊन दारात आला. मोबाईलवर काढलेले फोटो नव्हेत, की ज्यात 'इतर हक्क' या रकान्यावर नेमका अंगठा आलेला असतो. स्वच्छ झेरॉक्स. वर म्हणतो, "कुळ, वहिवाट, पोटखराबा असलं बरंच हाय. पानाला किती घेता? कधीपर्यंत देता? ॲडव्हान्स आणलाय."

मी हबकलोच. इतकं सरळ बोलणारा माणूस काहीतरी लपवत असणार. शिवाय डोक्यावर आठशे पानांची दुसरी 'नजर' होती, उद्या सकाळपर्यंतची. सोमवारनंतर या म्हटलं.

तो तसाच मंगळवार पेठेतल्या एका बाईंकडे गेला. त्यांनी म्हणे आधी फाईल उघडली, चार-पाच पानं वाचली, दर सांगितला, आठवड्याची मुदत मागितली आणि ॲडव्हान्स ठेवून घेतला. धंद्यात नवीन असाव्यात.